सेपरेटिंग फनेलमध्ये आम्ल, आम्लारी आणि उदासीन पदार्थ वेगळे करताना

मिश्रण वेगळं करण्याचं प्रॅक्टिकल असलं की मुलांचं सगळं लक्ष सेपरेटिंग फनेलवर असतं, म्हणजे दोन न मिसळणारे द्रव वेगळे करायच्या, खाली तोटी असलेल्या काचेच्या भांड्यावर. हलवायचं कसं, कुठला थर कशाचा, तोटी नेमकी कधी बंद करायची. हे यायलाच हवं आणि पुढे मी ते सांगणार आहे. पण पदार्थ खरे वेगळे होतात ते सामूमुळे, म्हणजे पीएचमुळे. पाण्याच्या थराचा सामू योग्य असेल तर नवख्या हातानेही काम नीट होतं. सामू चुकला तर हात कितीही सराईत असला तरी एकाच फ्लास्कमध्ये दोन पदार्थ येऊन बसतात, आणि ते कळतं थेट द्रवणांक घेताना. म्हणून माझ्या प्रयोगशाळेत फनेल हातात घेण्याआधी प्रत्येकाने कागदावर हिशोब करून दाखवायचा असा नियम आहे.

आधी कागद

चार पदार्थांचं मिश्रण घेऊ, प्रत्येकी २ ग्रॅम: बेंझॉइक आम्ल, २-नॅफ्थॉल, इथाइल ४-अमिनोबेंझोएट (म्हणजेच बेंझोकेन) आणि नॅफ्थलीन. शिकवायला मला हे चार आवडतात, कारण चौघांची चार तऱ्हा आहे. बेंझॉइक आम्ल हे सेंद्रिय आम्लांत मध्यम ताकदीचं, २-नॅफ्थॉल अगदी दुबळं आम्ल, बेंझोकेन ही दुबळी आम्लारी, आणि नॅफ्थलीन कोणाच्याच अध्यातमध्यात नाही. चारही पदार्थ ईथरमध्ये सहज विरघळतात आणि थंड पाण्यात जेमतेम.

सगळ्या पद्धतीचा पाया एकच आहे. रेणूवर विद्युतप्रभार नसेल तर तो ईथरमध्ये राहतो, प्रभार आला की पाण्यात जातो. एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रावकांमध्ये पदार्थ ठरावीक गुणोत्तरात वाटला जातो, हे नेर्न्स्टने १८९१ मध्ये नियम म्हणून मांडलं. त्या नियमातली अट मात्र नेहमी विसरली जाते: दोन्ही थरांत पदार्थ एकाच रूपात असला पाहिजे. बेंझॉइक आम्ल आणि सोडियम बेंझोएट ही दोन वेगळी रूपं आहेत. आम्ल पाण्यात लिटरला सुमारे ३.४ ग्रॅम विरघळतं, बेंझोएट मात्र भरपूर विरघळतं. एका रूपातून दुसऱ्या रूपात नेण्याची किल्ली आपल्या हातात आहे, आणि ती म्हणजे सामू.

आता कागदावर तीन आकडे लिहा. हे पीकेए, म्हणजे पदार्थ कोणत्या सामूला निम्मा आयन होतो ते सांगणारे आकडे. बेंझॉइक आम्लाचा पीकेए ४.२. २-नॅफ्थॉलचा ९.५. बेंझोकेनला प्रोटॉन जोडून जो धन आयन बनतो, त्याचा २.५. सामू बरोबर पीकेएइतका असेल तर निम्मा पदार्थ आयनाच्या रूपात असतो आणि निम्मा तसाच. आम्लाच्या बाबतीत सामू पीकेएच्या एक एकक वर गेला की आयन आणि रेणू यांचं प्रमाण १० ला १ होतं, दोन एकक वर गेला की १०० ला १. आम्लारीसाठी हेच उलट्या दिशेने, म्हणजे सामू पीकेएच्या खाली न्यायचा. दोन एककांचं अंतर ठेवलं की काम भागतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण बघा. त्याचा सामू ८ च्या थोडा वर असतो. बेंझॉइक आम्लाच्या पीकेएपेक्षा तो चार एकक वर आहे, म्हणजे दहा हजार आयनांमागे एखादाच रेणू आम्लाच्या रूपात उरतो. २-नॅफ्थॉलच्या पीकेएपेक्षा मात्र तो एकाहून जास्त एककाने खाली आहे. त्यामुळे नॅफ्थॉलचा शंभरातला पाचेक टक्के भाग आयन होईल, बाकीचा ईथरमध्येच. बायकार्बोनेट दोन आम्लांतून एकाला निवडतं. सोडियम हायड्रॉक्साइड निवड करत नाही, १३ च्या वरच्या सामूला दोन्ही आम्लं पाण्यात येतात. म्हणून बायकार्बोनेट आधी आणि हायड्रॉक्साइड नंतर. हा क्रम उलटा केला तर मिश्रणातलं मिश्रण तसंच राहतं, फक्त थर बदलतो.

आम्लारी कधी काढायची याला तशी सूट आहे, पण मी ती सगळ्यात आधी काढायला लावते. बेंझोकेन हा एस्टर आहे, आणि तीव्र अल्कात (सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या आम्लारीत) एस्टर तुटू शकतो. पुढे जोरदार अल्क वापरायचाच आहे, तर त्याच्या सहवासात एस्टर ठेवावा कशाला? आधीच बाजूला काढला की ती काळजी मिटते.

हिशोबाचा दुसरा भाग मात्रांचा. २ ग्रॅम बेंझॉइक आम्ल म्हणजे १६.४ मिलिमोल. ५ टक्के बायकार्बोनेट साधारण ०.६ मोलर (लिटरला ०.६ मोल) असतं, म्हणजे ३० मिलीत १८ मिलिमोल. एका धुण्यात (द्रावण फनेलमध्ये घालून, हलवून, थर वेगळा काढण्यात) जेमतेम पुरतं, म्हणून ३० मिलीची दोन धुणी. २ ग्रॅम नॅफ्थॉल म्हणजे १३.९ मिलिमोल; ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड (१.२५ मोलर) २० मिली घेतलं तर २५ मिलिमोल होतं, तेही दोनदा. २ ग्रॅम बेंझोकेन म्हणजे १२.१ मिलिमोल, २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २५ मिली, दोनदा. इथे आम्ल गरजेपेक्षा पुष्कळ जास्त दिसेल. ते मुद्दाम आहे. बेंझोकेनसारख्या दुबळ्या आम्लारीला पूर्ण प्रोटॉन द्यायचा तर सामू ०.५ च्याही खाली हवा, आणि मोजूनमापून घातलेलं पातळ आम्ल तिथवर पोचत नाही.

दोनदा कशाला, एकदाच जास्त का नको, हा प्रश्न दरवर्षी येतो. समजा एखादा पदार्थ १०० मिली पाण्यात आहे आणि ईथरकडे त्याचा ओढा पाण्याच्या चौपट आहे. ९० मिली ईथरने एकदाच धुतलं तर २२ टक्के पदार्थ पाण्यातच राहतो. त्याच ९० मिलीचे ३०-३० चे तीन भाग करून तीनदा धुतलं तर ९ टक्केच राहतो. द्रावक तेवढंच, मेहनत थोडी जास्त.

फनेल हाताळताना

२५० मिलीचं फनेल घ्या आणि ते कधीही पाऊण भागापेक्षा जास्त भरू नका. हलवायला जागाच नसेल तर दोन थर एकमेकांत मिसळणार कसे? भरण्याआधी तोटी बंद करून थोडं पाणी ओता, तोटी आणि बूच दोन्ही गळत नाहीत ना ते बघा. खाली एक बीकर कायम ठेवा. तोटी सैल निघाली तर पदार्थ टेबलावर जाण्याऐवजी बीकरमध्ये जाईल.

ईथरचा उत्कलनांक ३५ अंश सेल्सिअसच्याही खाली आहे आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे टेबलावरून सरपटत लांबपर्यंत जाते. बर्नर, हॉट प्लेट, ठिणगी पडणारं कोणतंही उपकरण त्या खोलीत चालू नको. काम फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात), डोळ्यांवर गॉगल, हातात मोजे. बाटली बरेच दिवस उघडून पडलेली असेल तर आधी पेरॉक्साइडची (जुन्या ईथरमध्ये साठणाऱ्या स्फोटक संयुगांची) चाचणी करा. ती केल्याशिवाय असं ईथर मी कोणालाही आटवू देत नाही.

हलवताना एका हाताच्या तळव्याने बूच दाबून धरा, दुसऱ्या हाताच्या बोटांत तोटी ठेवा. फनेल उलटं करा, नळी वर आणि माणसांपासून दूर हूडच्या आतल्या बाजूला वळवा, आणि तोटी उघडा. फुस्स असा आवाज येईल. तोटी बंद करा, एक-दोन हेलकावे द्या, पुन्हा उघडा. आवाज यायचा थांबला की मग जरा जोरात, अर्धा-पाऊण मिनिट. सुरुवातीलाच खसाखसा हलवू नका. हाताच्या उबेनेही ईथरची वाफ होते आणि आत दाब वाढतो.

फनेल रिंगवर ठेवलं की सगळ्यात आधी बूच काढा. बूच तसंच ठेवून तोटी उघडली तर धार अडखळते, आतून बुडबुडे वर येतात आणि छान जमलेले थर पुन्हा ढवळतात. खालचा थर तोटीतून काढा, वरचा थर फनेलच्या तोंडातून ओता. वरचा थरही नळीतूनच काढला तर नळीत चिकटलेले खालच्या थराचे थेंब त्यात मिसळतात.

कुठला थर कशाचा, हे पाठ करू नका, घनता बघा. ईथरची ०.७१, इथाइल ॲसिटेटची ०.९०, टोल्यूइनची ०.८७. हे पाण्यावर तरंगतात. डायक्लोरोमिथेन १.३३ आणि क्लोरोफॉर्म १.४९, हे तळाशी बसतात. तरीही शंका असेल तर त्या थराचे काही थेंब परीक्षानळीत घेऊन त्यात थोडं पाणी टाका. एकजीव झालं तर तो पाण्याचा थर, वेगळे थेंब दिसले तर सेंद्रिय. या चाचणीला दहा सेकंद लागतात. आणि काहीही झालं तरी चारही पदार्थ सुकून, वजन होऊन, द्रवणांक मिळेपर्यंत एकही थर फेकायचा नाही. प्रत्येक फ्लास्कवर लेबल हवं, आणि लेबलवर 'पाणी १', 'पाणी २' असं न लिहिता 'आम्लाचं धुणं, बेंझोकेन' असं लिहा.

प्रत्यक्ष काम

आठ ग्रॅम मिश्रण ८० मिली ईथरमध्ये विरघळवा. तळाशी काही कण उरलेच तर कापसाच्या बोळ्यातून गाळून घ्या, कारण न विरघळलेले कण पुढे दोन थरांच्या मध्ये जाऊन बसतात आणि सीमा दिसू देत नाहीत.

पहिलं धुणं २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचं, २५ मिली, दोनदा. त्यानंतर १० मिली साध्या पाण्याचं एक, तेही याच फ्लास्कमध्ये. या पाण्याने ईथरमध्ये रेंगाळलेलं आम्ल निघून जातं, नाहीतर ते पुढचं बायकार्बोनेट खाऊन टाकतं. कधी कधी थरांच्या मध्ये पांढरे चकचकीत स्फटिक दिसतात. तो आम्लारीचा हायड्रोक्लोराइड क्षार असतो, त्याला पाणी कमी पडलेलं असतं. घाबरून गाळायला जाऊ नका. पाच-दहा मिली पाणी घाला, हळू फिरवा, विरघळेल.

दुसरं धुणं बायकार्बोनेटचं, आणि इथे जरा थांबून विचार करा. १६.४ मिलिमोल आम्लातून तेवढाच कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि खोलीच्या तापमानाला तो साधारण ४०० मिली भरतो. आपलं फनेल आहे २५० मिलीचं, त्यातही निम्मं भरलेलं. बूच लावून हलवलं तर हा वायू बूच उडवेल किंवा तोटीतून फवारा मारेल. म्हणून बायकार्बोनेट घातल्यावर बूच लावायचंच नाही. फनेल उघडं ठेवून गोल गोल फिरवत राहा. दोन थरांच्या सीमेवर बुडबुड्यांची बारीक रेघ उठते आणि ईथरमधून वर येते. ती रेघ विरळ झाली की मगच बूच लावून एकदा उलटं करा आणि लगेच तोटी उघडा. पुन्हा, आणि पुन्हा. आवाज पूर्ण थांबेपर्यंत हात आवरूनच ठेवा.

३० मिलीची दोन धुणी झाली की एक छोटी चाचणी करा. तिसऱ्यांदा दहाएक मिली बायकार्बोनेट घालून हलवा, खालच्या थराचे पाच-सहा थेंब वॉच ग्लासवर घ्या आणि त्यावर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब सोडा. बुडबुडे येतील, ते बायकार्बोनेटचे. बघायचं ते बुडबुडे शमल्यावर. थेंब गढूळ झाला तर बेंझॉइक आम्ल अजून निघतंय, आणखी एक धुणं द्या. नितळ राहिला तर पुढे चला. ही चाचणी न करता पुढे गेलात आणि आम्ल उरलेलं असेल तर ते नॅफ्थॉलसोबत येईल. या दोघांना नंतर ओळखणं किती अवघड जातं ते शेवटी सांगते.

तिसरं धुणं ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचं, २० मिली, दोनदा. इथे वायू नाही, पण इमल्शनची, म्हणजे दोन थर दुधाळ होऊन एकमेकांत अडकण्याची, शक्यता सगळ्यात जास्त इथेच. जोरात हलवू नका. त्याऐवजी फनेल आडवं धरून सावकाश वरखाली करा, दोनऐवजी चार मिनिटं लागली तरी चालतील. २-नॅफ्थॉल अल्कात हवा लागून हळूहळू काळवंडतं, म्हणून हा फ्लास्क भरला की झाकून ठेवा आणि त्याचं काम लांबणीवर टाकू नका.

फनेलमध्ये आता उरलं ते ईथर आणि नॅफ्थलीन. त्याला एकदा पाण्याने आणि एकदा मिठाच्या संपृक्त द्रावणाने धुवा. ईथरमध्ये एक टक्क्याहून जास्त पाणी विरघळलेलं असतं, मीठ त्यातलं बरंचसं ओढून घेतं.

तिन्ही पाण्याच्या फ्लास्कांचं एक काम बाकी असतं, आणि पुस्तकी कृतीत ते बहुधा गाळलेलं असतं. प्रत्येक फ्लास्कमधल्या पाण्यात थोडं ईथर विरघळलेलं आहे आणि त्या ईथरसोबत थोडं नॅफ्थलीनही आहे. म्हणून प्रत्येक पाण्याचा थर १०-१० मिली ताज्या ईथरने एकदा उलट धुऊन घ्या. ते ईथर मुख्य ईथरमध्ये मिसळता येतं, मात्र त्यासाठी हे काम मिठाच्या धुण्याआधी उरका. पाच मिनिटांच्या या कामाने द्रवणांकात जो फरक पडतो, तो पुढे दोनदा पुनर्स्फटिकीकरण करूनही कधी कधी मिळत नाही.

इमल्शन झालंच तर

थरांच्या मध्ये दुधाळ, फेसकट पट्टा उभा राहिला की पहिला उपाय म्हणजे काहीही न करणं. दहा मिनिटं फनेल स्थिर ठेवा. मग काचेच्या कांडीने तो पट्टा अलगद फिरवा. नाही हटला तर मिठाचं संपृक्त द्रावण थोडं थोडं घाला. त्याने पाण्याची घनता वाढते आणि सेंद्रिय पदार्थाला पाण्यात थारा कमी मिळतो. तरीही हटेना तर सेलाइटच्या (गाळायला वापरतात त्या बारीक भुकटीच्या) पातळ थरातून किंवा कापसातून सगळं गाळा. पुष्कळदा इमल्शनला धरून ठेवणारे बारीक कणच असतात आणि ते गाळले की थर आपोआप सुटे होतात. लांब साखळीची मेदाम्लं असतील तर हायड्रॉक्साइड घातल्यावर चक्क साबण तयार होतो. तिथे अल्क पातळ ठेवा, मीठ आधीच घाला आणि हलवण्याऐवजी फिरवण्यावरच भागवा.

पदार्थ परत मिळवताना

बेंझोएटचं पाणी बीकरमध्ये घ्या. साठ-सत्तर मिली पाण्यात चारेक मिली ईथर विरघळलेलं असू शकतं. ते तसंच ठेवून आम्ल घातलं तर पदार्थ सुटा न येता चिकट गोळा होऊन येतो. हूडमध्ये बीकर कोमट पाण्यात ठेवून ईथरचा वास जाईपर्यंत ढवळा, मग बर्फात ठेवून गार करा. बीकर मोठा हवा, निदान २५० मिलीचा, कारण जास्तीचं बायकार्बोनेट आता फेसाळणार आहे.

६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घाला. सुरुवातीला नुसता फेस येतो आणि पडलेला पांढरा साका ढवळल्यावर पुन्हा विरघळतो. मग एक क्षण असा येतो की थेंब पडला तिथे उठलेला पांढरा ढग विरघळत नाही, पसरतो, आणि पुढच्या काही थेंबांत अख्खा बीकर घट्ट पांढरा होतो. इतका की कांडी फिरवणं जड जातं. बहुतेक जण इथेच थांबतात. थांबू नका, सामू बघा. आणि तो लिटमसने बघू नका. लिटमस ४.५ च्या आसपासच पूर्ण लाल होतो, आणि बेंझॉइक आम्लाचा पीकेए ४.२ आहे. म्हणजे लिटमस लाल दिसत असताना द्रावणातल्या बेंझोएटचा मोठा हिस्सा अजून पाण्यातच असू शकतो. पीएच पेपरवर २ यायला हवा. काँगो रेडचा कागद असेल तर तोही चांगला, तो ३ च्या खाली निळा होतो. कागद बीकरमध्ये बुडवायचा नाही, कांडीचं टोक कागदाला लावायचं, आणि त्याआधी ढवळायचं.

बर्फाला कंटाळू नका. २५ अंशांना लिटरला ३.४ ग्रॅम बेंझॉइक आम्ल पाण्यात राहतं, शून्य अंशाला १.७. सत्तर मिली पाण्यात हा फरक साधारण ०.२४ ग्रॅम विरुद्ध ०.१२ ग्रॅम असा पडतो. २ ग्रॅममधला पाव ग्रॅम गाळलेल्या पाण्याबरोबर गेला तर जिवाला लागतं. गाळल्यावर धुवायचं तेही बर्फाच्या पाण्याने, पाच-सात मिलीच, दोनदा.

नॅफ्थॉलचं पाणी याच पद्धतीने, फक्त इथे सामू ४-५ ला आला तरी भागतं, कारण पीकेए ९.५ आहे. अल्क आणि आम्ल भेटल्यावर उष्णता निघते आणि गरम पाण्यात नॅफ्थॉल तेलासारखं सुटू शकतं, तेव्हा बर्फ इथेही हवाच.

बेंझोकेनचं आम्लयुक्त पाणी बर्फात ठेवून २० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड सावकाश घाला. आपण आम्ल भरपूर वापरलं होतं, त्यामुळे सुमारे २० मिली लागेल आणि बराच वेळ काहीच घडल्यासारखं दिसणार नाही. सामू ८-९ झाला की थांबा. याहून पुढे जायची गरज नाही, शिवाय एस्टरला तीव्र अल्कात ताटकळत ठेवणं बरं नाही. लगेच गाळा. आम्लारी वेगळी असेल तर हा आकडा बदलतो. ॲनिलिनसारख्यांना ८-९ पुरतो, पण ट्रायइथाइल अमीनसारख्या आम्लारीचा पीकेए १०.८ च्या आसपास असतो, तिथे सामू १३ च्या जवळ न्यावा लागतो. अनेक साध्या अमीन (नायट्रोजन असलेल्या अशा आम्लारी) द्रवरूप असतात. साका पडायची वाट बघू नका, ताज्या ईथरने त्या बाहेर काढा.

राहिलं नॅफ्थलीन. ईथरच्या द्रावणात निर्जल सोडियम सल्फेट घाला. सुरुवातीचे कण पाणी पिऊन तळाला गोळा होऊन चिकटतात. फ्लास्क फिरवल्यावर काही कण बर्फाच्या भुग्यासारखे सुटे भिरभिरू लागले की पुरेसं झालं. अमीन किंवा फिनॉल असलेलं द्रावण कोरडं करायचं असेल तर कॅल्शियम क्लोराइड वापरू नका, ते त्यांना स्वतःशी बांधून ठेवतं. मग गाळून, गरम पाण्याच्या बाथवर, ज्योत न वापरता ईथर उडवा. उत्पादन ओव्हनमध्ये ठेवू नका. नॅफ्थलीन घनातून थेट वाफ होऊन उडतं, आणि उद्या सकाळी वजन करायला गेलात तर कमी भरेल. हवेत, गाळणकागदाच्या घडीत सुकवा आणि त्याच दिवशी वजन करा.

जिथे नियम वाकतो

प्रत्येक फिनॉल बायकार्बोनेटला नाही म्हणतं असं नाही. ४-नायट्रोफिनॉलचा पीकेए ७.१ आहे, ते बायकार्बोनेटमध्ये बऱ्यापैकी उतरतं. पिक्रिक आम्ल तर नावाला फिनॉल, ताकदीने कार्बोक्सिलिक आम्लांच्याही वर. उलट ॲसिटॅनिलाइडमध्ये नायट्रोजन आहे म्हणून त्याला आम्लारी समजू नका. तो अमाइड आहे आणि पातळ आम्लात उदासीनच राहतो.

४-अमिनोबेंझॉइक आम्लासारखे दोन्हीकडचे पदार्थ सगळ्यात फसवे. आम्लात धन आयन, अल्कात ऋण आयन, म्हणजे दोन्ही वेळा पाण्यातच. त्याचे दोन पीकेए २.४ आणि ४.९ आहेत. सामू त्यांच्या मध्यावर, ३.६ च्या आसपास आणला तरच तो बाहेर येतो. तिथे 'आम्ल घालून २ पर्यंत न्या' हा सल्ला नुकसान करेल. कृतीतला आकडा उचलण्याआधी पदार्थाचा आकडा बघायचा तो यासाठी.

द्रावकाबाबत दोनच गोष्टी. इथाइल ॲसिटेट हाताळायला ईथरपेक्षा सुरक्षित आहे, पण सोडियम हायड्रॉक्साइडसोबत त्याचं स्वतःचंच विघटन होतं, म्हणून आपल्या तिसऱ्या धुण्याला ते चालत नाही. डायक्लोरोमिथेन खाली बसतं, त्यामुळे ते प्रत्येक वेळी तोटीतून काढून पुन्हा फनेलमध्ये भरावं लागतं. शिवाय काही अमीनांचे हायड्रोक्लोराइड त्यातच विरघळून राहतात आणि पाण्यात येत नाहीत.

शेवटची तपासणी

चारही पदार्थ पूर्ण सुकल्यावर वजन करा आणि बेरीज मूळ ८ ग्रॅमशी ताडून बघा. बेरीज ८ च्या वर गेली तर पदार्थ ओले आहेत किंवा त्यांत मीठ अडकलं आहे. एकाचं वजन २ ग्रॅमच्या वर आणि शेजारच्याचं तेवढंच कमी भरलं तर धुणं अपुरं झालं.

मग द्रवणांक. नॅफ्थलीन ८० अंश, बेंझोकेन ८८ ते ९०. बेंझॉइक आम्ल १२२. आणि २-नॅफ्थॉल १२१ ते १२३. ज्या दोघांना वेगळं करायला एवढा खटाटोप केला त्यांचे द्रवणांक जवळपास एकच आहेत. त्यामुळे नुसता १२२ आकडा आला म्हणून बाटलीवर नाव लिहू नका. तुमच्या नमुन्यात शुद्ध बेंझॉइक आम्लाची चिमूट घोटून मिश्र द्रवणांक घ्या. १२२ ला टिकला तर ते बेंझॉइक आम्लच. बराच खाली घसरून लांबलचक पसरला तर ते नॅफ्थॉल आहे, किंवा दोन्ही आहेत. जोडीला, अल्कोहोलमध्ये विरघळवून फेरिक क्लोराइडचा थेंब टाका, २-नॅफ्थॉल हिरवट रंग देतं. बायकार्बोनेटमध्ये बुडबुडे दिले तर बेंझॉइक आम्ल.

बेंझोकेनसाठी मला एक चाचणी फार प्रिय आहे. चिमूटभर पदार्थ पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात घ्या, बर्फात गार करा, सोडियम नायट्राइटचं थंड द्रावण थेंबाथेंबाने घाला. दुसऱ्या परीक्षानळीत स्वतः वेगळं केलेलं २-नॅफ्थॉल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून तेही गार करा. पहिलं दुसऱ्यात ओता. क्षणात नारिंगी-लाल रंगाचा साका पडतो. साका पडला तर प्राथमिक ॲरोमॅटिक अमीन (बेंझोकेन त्यातलंच) बेंझोकेनच्या बाटलीत आहे आणि नॅफ्थॉल नॅफ्थॉलच्या. मग हाच प्रयोग नॅफ्थॉलऐवजी तुमचं बेंझॉइक आम्ल अल्कात विरघळवून करा. तिथेही लाल रंग उमटला तर नॅफ्थॉलचा अंश त्यात उतरला आहे. ते बेंझॉइक आम्ल पुन्हा बायकार्बोनेटमध्ये विरघळवा, १० मिली ईथरने दोनदा धुवा आणि सामू २ ला आणून परत पाडा.